पटाऱ्यातली कुंची

गेल्या गणपतीत मंडळाच्या मांडवात तिघींनी मला वेगवेगळ्या वेळी गाठलं, पण मागणी तिघींची एकच. "ताई, एकदा सदरात सरळ यादीच द्या ना. घरात काय आणायचं, काय नाही. साबण कुठला, डासांचं काय करायचं, बाळाची पावडर कोणती. आम्ही फ्रिजवर चिकटवून ठेवू." एकीच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं, दुसरीला आठवा महिना लागलेला. तिसरीचा नवरा शेजारी मोदक खात उभा होता. त्याला या विषयाशी काही देणंघेणं नसावं असं मला वाटलं, पण नंतर त्यानेच हळूच विचारलं, "आणि डब्यावर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं, ते खरं असतं का हो?"

यादी मी देणार नाही. दिली असती, पण आमच्या घरात जे घडलं ते कुठल्याच यादीत बसलं नसतं. ती वस्तू आम्ही कुठल्या दुकानातून बाळासाठी आणलेली नव्हती. ती आजीच्या पटाऱ्यातून निघाली. (पुण्याच्या माझ्या मावसबहिणी "पेटारा म्हण" म्हणून सांगतात. पण बडोद्यात चार पिढ्या काढल्यावर पटाऱ्याला पटाराच म्हणायचं, त्यात काही कमीपणा नाही.)

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. भावजय गुजराती, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून सगळं आमच्याकडे करायचं ठरलं. श्रावण होता. पाऊस असा लागलेला की दोऱ्यांवरचे कपडे चार दिवस वाळत नव्हते. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं आणि आजीने पटारा उघडला.

त्यात काय नव्हतं! जुन्या धोतरांची मऊ दुपटी, टोपडी, लाळेरी, चौकोनी तुकडे जोडून शिवलेली लहान गोधडी, आणि सगळ्यांत खाली मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली कुंची. आजीच्या सासूबाईंनी स्वतःच्या इरकली लुगड्याची शिवलेली. ती माझ्या बाबांनी घातली, मी घातली, भावाने घातली. बारशाला ती हवीच. आजी दर दिवाळीला पटारा आवरायची आणि प्रत्येक थरात डांबराच्या गोळ्यांची एकेक पुरचुंडी ठेवायची. झाकण उघडलं की तो वास भपकन यायचा. लहानपणी आम्ही दोघं त्या पटाऱ्यात डोकं घालून तो वास घेत बसायचो. त्या दिवशीसुद्धा मी भावजयीला म्हटलं, "हा आमच्या आजीचा वास बरं का."

दुपटी आईने धुतली. पण पावसामुळे ती घरातच, पंख्याखाली वाळली. गोधडी धुण्याचा प्रश्नच नव्हता, ती तशीच बाळाखाली गेली. कुंची मात्र बारशासाठी राखून पाळण्याच्या दांडीवर लटकवून ठेवली होती. रोज सकाळी तेल लावून अंघोळ, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून गोधडीवर. खोलीच्या खिडक्या बंद, कारण बाळंतिणीला वारा लागायला नको.

सहाव्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. "होते कावीळ सगळ्याच बाळांना, उन्हात धरा," असं येणारा प्रत्येक जण सांगायचा. ऊन होतं कुठे? आणि खरं सांगायचं तर बहुतेक बाळांची ती थोडीशी कावीळ आपोआप जातेही, त्यामुळे आम्हीही निश्चिंत होतो. सातव्या दिवशी दुपारी भावजय म्हणाली, "आज हा प्यायला उठतच नाहीये." मी त्याचे पाय पाहिले. तळवे पिवळे. लंगोट बदलला तर त्यावर चहासारखा डाग. तेव्हा पोटात गोळा आला. रिक्षा मिळेना, भावाने शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी बाळाला तपासायला घेतलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर खाली वाकून त्याच्या दुपट्याचा वास घेतला. मग विचारलं, "डांबर गोळी?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

बिलिरुबिन एकवीस. पिवळेपणाचं ते माप, आणि सात दिवसांच्या बाळाला, तेही रक्तपेशी फुटत असताना, हा आकडा धोक्याचा. ते प्रमाण फार वाढलं तर मेंदूत उतरतं आणि तिथली हानी मग भरून येत नाही. हिमोग्लोबिनही झपाट्याने खाली आलेलं. बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून, अंगावर फक्त लंगोट. रक्त बदलावं लागलं तर, म्हणून रक्ताची सोय करून ठेवायला सांगितलं. भाऊ रक्तपेढीत गेला. मी काचेपलीकडे उभी राहून त्या निळ्या उजेडातल्या बाळाकडे बघत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तेव्हा अठरा वर्षं झाली होती. दर वर्षी नववीच्या वर्गात बशीत मीठ आणि नॅप्थॅलीनची पूड एकत्र करून ठेवायची, वर नरसाळं उपडं घालायचं, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि खालून आच द्यायची. नॅप्थॅलीन वितळत बसत नाही, सरळ वाफ होऊन नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरं चिकटतं. मराठीत संप्लवन, गुजरातीत ऊर्ध्वपातन, मुलांना दोन्ही शब्द सांगायचे. आणि वर पुस्ती जोडायची, "म्हणून तर कपाटातली डांबर गोळी दिवसेंदिवस लहान होत जाते!" ती लहान होते म्हणजे उरलेली जाते कुठे, हा प्रश्न अठरा वर्षांत एकाही मुलाने विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नव्हता. ती कपड्यांत जाते, खोलीच्या हवेत जाते, आणि त्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या शरीरात जाते.

पुढचं डॉक्टरांनी समजावलं, आणि ते तुम्हालाही नीट सांगते, कारण या लेखाचं कारणच ते आहे. नॅप्थॅलीन शरीरात गेलं की त्याचं रूपांतर होऊन जे पदार्थ बनतात ते लाल रक्तपेशींवर मारा करतात. आपल्या पेशींकडे तो मारा झेलायला एक एन्झाइम असतं, त्याचं लांबलचक नाव सोडा, सगळे जी-सिक्स-पी-डी म्हणतात. काहींच्या शरीरात ते जन्मतः कमी असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. ही माणसं शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, म्हातारी होतात आणि आपल्यात असं काही आहे हे त्यांना कळतही नाही. पण ठरावीक औषधं, ठरावीक रसायनं समोर आली की त्यांच्या रक्तपेशी भराभर फुटतात. हा दोष उजेडात आलाच मुळी हिवतापाच्या एका औषधामुळे. प्रायमाक्विन घेतल्यावर काही जणांचंच रक्त का फुटतं, याचं कोडं १९५६ साली या एन्झाइमपाशी येऊन सुटलं. नवजात बाळाचं तर यकृतही अजून कच्चं असतं, फुटलेल्या पेशींतून निघालेला पिवळा रंग त्याला वेळेत बाहेर टाकता येत नाही. त्यात आपण करतो तेलाचं मालिश. नॅप्थॅलीन तेलात छान विरघळतं, म्हणजे तेलकट त्वचेतून आत जायला त्याला आणखी सोपं. वर घट्ट गुंडाळणं, बंद खिडक्या. आम्ही प्रेमाने जे जे केलं होतं त्यातली प्रत्येक गोष्ट त्या गोळीच्या पथ्यावर पडली होती.

डॉक्टरांसाठी यात नवीन काही नव्हतं. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी तान्ह्या बाळांना कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९५० च्या दशकापासून आहेत. युरोपीय संघात २००८ पासून नॅप्थॅलीनच्या गोळ्या विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे त्या किराण्याच्या दुकानात उदबत्तीच्या शेजारी मिळतात, आणि आपण त्या कपाटात, बेसिनमध्ये, मोरीत, सगळीकडे टाकतो.

रात्री अकराला दुसरा रिपोर्ट आला, एकोणीस. पहाटे सोळा. रक्त बदलावं लागलं नाही.

आता ज्याबद्दल मला अजून राग येतो ते सांगते. जी-सिक्स-पी-डीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतो फक्त आईकडून. डॉक्टरांनी हे सांगायला आणि आमच्या एका नातेवाईक बाईंनी म्हणायला एकच गाठ पडली, "म्हणजे आईकडून आलं म्हणा की!" भावजय तिथेच होती, टाके दुखत असताना प्लास्टिकच्या खुर्चीत रात्रभर बसलेली. तिचं तोंड बघवत नव्हतं. मग तिच्या आईला फोनवर विचारलं तेव्हा आठवलं, तिच्या मामाला लहानपणी हिवतापाच्या गोळ्यांनंतर लाल लघवी झाली होती आणि तो पिवळाफटक पडला होता, घरच्यांनी ते दृष्ट लागल्यावर ढकललं होतं. म्हणजे धागा होता, फक्त कोणाला दिसला नव्हता. पण मला सांगा, आईकडून जे आलं ते बाळाच्या पेशीत निमूट पडून राहिलं असतं. पटाऱ्यातून जे आलं ते कोणाकडून आलं? कोणाकडून नाही आणि सगळ्यांकडून. हा दोष पारशी, सिंधी, गुजरातेतल्या कितीतरी समाजांत, आदिवासींत, आणि कमी प्रमाणात आपल्यातही आढळतो. लग्नाआधी पत्रिका बघतात त्यांनी यावरून स्थळं नाकारायला सुरुवात करू नये, एवढी हात जोडून विनंती. बाळ जन्मल्यावर रक्ताची एक साधी तपासणी होते, ती मागून घ्या. मात्र कावीळ जोरात असताना केलेली तपासणी कधीकधी फसवते, कारण कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या ताज्या पेशींत ते पुरेसं दिसतं. आमच्या बाळाची पहिली तपासणी काठावरची आली होती. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा नक्की कळलं. आता त्याच्या फायलीत टाळायच्या औषधांची एक चिठ्ठी असते आणि नव्या डॉक्टरकडे गेलं की भावजय आधी ती पुढे करते.

पण या सगळ्यात आजीचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच.

आजीला कोणी काही बोललं नव्हतं. बाबांनी रात्रीच घरी येऊन पटाऱ्यातल्या सगळ्या पुरचुंड्या बाहेर काढल्या, एवढंच. बाळ घरी आल्यावर आजी खोलीच्या दारात उभी राहायची, आत यायची नाही. "घे ना," म्हटलं तर पदर नाकाला लावून म्हणायची, "माझ्या लुगड्यांनाही त्याच पटाऱ्याचा वास येतो." खरंच होतं ते. तिची लुगडी आम्ही सगळी धुतली, पण पंधरा दिवस तिने बाळाला हात लावला नाही. चौऱ्यांशी वर्षांच्या बाईने पहिल्या पणतवाला दारातून बघायचं. बारसं लांबवलं, आणि झालं तेव्हा कुंचीशिवाय झालं. नवी टोपी भावाने ऐन वेळी मांडवीतून आणली. ती इतकी मोठी निघाली की सगळ्या फोटोंत बाळाच्या डोळ्यांवर आलेली आहे.

महिन्याभराने मी पटारा उघडला तर आत नव्या पुरचुंड्या. कापराच्या! आजी म्हणाली, "हा तर देवाचा. हा काय करणार?" तिने एक पुडी पाळण्यालाही बांधली होती, सर्दी होऊ नये म्हणून.

इथे मला रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून घरात पहिल्यांदा तोंड उघडावं लागलं. हल्लीचा पूजेचा कापूर बहुतेक कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. पण तो झाडाचा असता तरी फरक पडला नसता. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि त्याला मूठभर कापूर लागत नाही, दोनचार वड्याही रांगत्या बाळाला भारी पडू शकतात. दिसायला तो खडीसाखरेच्या भावासारखा. देवघर आपल्याकडे जमिनीलगत, आणि आरती झाल्यावर आपण मुलांच्या हातावर खडीसाखर ठेवतो! बाळाला यातलं कसं कळावं? तेव्हा कापराची डबी आता वरच्या फळीवर असते. आणि कापूर किंवा गोळी कोणी गिळलीच, तर घरी उलटी काढायच्या फंदात न पडता सरळ दवाखाना. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथे फोनवर चोवीस तास सल्ला मिळतो. त्याचा नंबर शोधून मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

तेव्हा "केमिकल वाईट, नैसर्गिक चांगलं" हे मोजमाप मी घरातून काढून टाकलं. वेखंडाचं बघा ना. आपण बाळाच्या टाळूला चोळतो, गुटीत उगाळतो, झाडाची मुळी, त्याहून नैसर्गिक काय असणार? अमेरिकेने १९६८ मध्येच वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली, कारण त्यातला एक घटक उंदरांवरच्या प्रयोगांत घातक ठरला. मी लुगड्यांच्या घडीत वेखंड ठेवते, बाळाच्या पोटात घालू देत नाही. बाळ-बाळंतिणीला दिलेली ओवा-वावडिंगाची धुरी हा शेवटी धूरच. आजीशी यावरून माझं बरंच वाजलं आणि शेवटी तडजोड झाली, की धुरी अंगणात, बाळ घरात.

त्यानंतर एका रविवारी मी आणि भाऊ घरभर फिरलो. ठरवलं होतं की प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारायचे. यात नक्की काय आहे? ते हवेतून, त्वचेतून की तोंडातून, कसं आत जाईल? आणि घरात सगळ्यांत लहान कोण, तो कुठवर पोचतो? भाऊ चक्क पोटावर झोपून बाळाच्या उंचीवरून खोली बघत होता. आई म्हणाली, याला काय झालं आता!

सापडलं ते गमतीचं नव्हतं. मोरीत कोपऱ्यात सरबताची बाटली, आत गल्लीत सायकलवरून विकायला येणाऱ्याकडून घेतलेलं सुटं ॲसिड. शेजारी कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल. ही पद्धत आपल्याकडे इतकी सवयीची आहे की आईला त्यात वावगं वाटेना. "तो नेहमीचाच माणूस आहे गं." माणूस नेहमीचा असेल, पण बाटलीवर ना नाव, ना घटक, ना झाकणाची सुरक्षा, आणि बाहेरून सरबताचं चित्र. अख्ख्या घरात याहून धोक्याची वस्तू नव्हती आणि ती काढायला पैसाही लागला नाही. त्या दिवसापासून कुठलीही साफसफाईची वस्तू मूळ बाटलीतून हलवायची नाही. आणि संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच मोरीत वापरायचं नाही, दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. जास्त स्वच्छ होईल म्हणून दोन्ही ओतणारे भेटतात मला. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करणाऱ्यांना निदान अपाय तरी होत नाही. ते दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळजवळ पाणी, पण फेस बघून समाधान मिळतं.

डासांचं विचारलं होतं. धुराची कॉइल बंद खोलीत लावू नका, एवढं पक्कं सांगते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींच्या कणांइतके भरले. ज्या घरात बाळासमोर कोणी एक बिडी ओढली तर आजी अंगावर जाते, त्याच घरात रात्रभर ही जळते! आमच्याकडे मच्छरदाणी परत आली. भावजयीला आधी ती अडगळ वाटली, आता तीच माहेरी जाताना बरोबर नेते. लिक्विड वापरायचंच असेल तर झोपायच्या आधी तासभर, खिडकी किलकिली ठेवून. कीटकनाशकाच्या पाकिटावर चौकोनी खूण उभी असते ना, पत्त्यातल्या चौकटसारखी, तिचा खालचा रंग बघायची सवय लावा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, त्यातल्या त्यात कमी. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याशी त्याचा काही संबंध नाही, आमच्या शेजारीण काकूंचा तसा समज होता म्हणून सांगते.

काजळ हा नाजूक विषय. बाजारातल्या काही सुरम्यांत आणि काजळांत शिसं सापडतं, सुरमा तर पारंपरिकरीत्या शिशाच्याच खनिजाचा. घरी पाडलेल्या काजळात शिसं नसेल, पण बोटाने ते नवजात बाळाच्या डोळ्यात घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. तीट तळपायाला लावा, दृष्ट लावणाराही तिथे आधी बघत नाही, आणि बाळाचं बोट तोंडात गेलं तरी तळपाय काही दिवस तरी लांब राहतो. सिंदुराचंही तेच, काही सिंदुरांत शिसं असतं. आईच्या कपाळावरून तिच्या हाताला, हातावरून बाळाच्या तोंडाला.

बाळ येणार म्हणून खोलीला रंग काढायचा बेत असेल तर आधी ऐका. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग केली आहे, म्हणजे डब्यावर ते छापलेलं बघून घ्या. पण खरा धोका नव्या रंगात नसून त्याखालच्या जुन्या थरांत आहे. आपल्या रावपुऱ्या-दांडियाबाजारातल्या जुन्या घरांच्या खिडक्या-दारांवर चाळीस-पन्नास वर्षांचे थर आहेत. ते कोरडे खरवडले की धूळ सगळीकडे बसते. ते काम ओलं करून करायचं आणि तेव्हा गरोदर बाईने त्या घरात राहायचं नाही.

मोदक खाणाऱ्या भावजींसाठी, नॉन-टॉक्सिक हा शब्द डब्यावर असणं ही बनवणाऱ्याची स्वतःबद्दलची शिफारस आहे. मी तो बघून डबा परत ठेवत नाही, पण त्यासाठी दीडपट पैसेही देत नाही. डबा उलटा करून घटक वाचते. घटकच छापलेले नसतील तर मात्र ठेवून देते. खेळण्यांवर मी आयएसआयची खूण बघते, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि "फ्रॅग्रन्स" हा शब्द लांबलचक असेल तिथे तान्ह्या बाळासाठी बिनवासाचं घेते. बाळाला मुळात लागतं फार थोडं. कोमट पाणी, साधं तेल, सौम्य साबण. पावडर लागतच नाही.

आणि कपडे? यावर मी नंतर बरंच वाचलं, तर हसावं की रडावं कळेना. लोकर खाणाऱ्या किड्याच्या अळीला लोकर लागते, रेशीम लागतं, त्यातही घामाचे, खाण्याचे डाग असलेलं. स्वच्छ धुतलेल्या, खळ न केलेल्या सुती दुपट्यांत तिला फारसं स्वारस्य नसतं. म्हणजे ज्या कपड्यांनी बाळ आजारी पडलं त्यांना ती गोळी मुळात लागतच नव्हती. सुती कपडे धुऊन कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात. लोकरीचं स्वेटर असेल तर पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये, अळी मरते. रेशमी साड्या वर्षातून दोनदा उलगडून वारा द्यायचा आणि घडी बदलायची, हे तर आजीच करत आली होती, गोळ्या नव्हत्या तेव्हाही. मीच तिला विचारलं, गोळ्या कधी सुरू केल्यास? तर म्हणाली, "तुझे आजोबा आणायला लागले. ऑफिसात कोणीतरी सांगितलं म्हणून."

हे लिहायला बसले त्याला निमित्त झालं ती आठवा महिना लागलेली मुलगी. तिने मांडवात आजीला आमच्या कुंचीबद्दल विचारलं होतं, नमुना घ्यायला मिळेल का म्हणून, बारशासाठी तिला तशीच शिवायची आहे. आजी म्हणाली, नमुना कशाला, तीच ने. घरी आल्यावर तिने कुंची स्वतःच्या हाताने धुतली. शरदातलं ऊन पडायला लागलं होतं, तेव्हा रोज सकाळी गच्चीवर दोरीवर, संध्याकाळी खाली. रोज ती कुंची नाकाशी धरून बघायची. दहाव्या दिवशी तिने मला हाक मारली. "तू हुंग. माझं नाक त्या वासाला सरावलंय, मला आता कळत नाही."

मी हुंगली. अस्तराच्या शिवणीपाशी, अगदी पुसट, अजून होता.

कुंची पुन्हा दोरीवर गेली आहे.